कोनाचा रे तू?

आमच्या सावद्यात लहान पोरगं गल्लीत एकटं दिसलं, की ओट्यावर बसलेला म्हातारा पहिला प्रश्न विचारायचा, ‘कोनाचा रे तू?’ नाव काय, कितवीत आहेस, हे सगळं नंतर. आधी कोणाचा, ते सांग. मी माझ्या आजोबांचं नाव सांगायचो. घरात आम्ही त्यांना नाना म्हणत असू. ते नाव कानावर पडलं, की म्हाताऱ्याचा चेहरा उजळायचा. ‘असं व्हय! ये, बस.’ मग हातावर गूळ-शेंगदाणे पडायचे. आईचं माहेर कुठलं, आत्या कुठं दिली, मोठ्या काकांचे साडू कोण, असं विचारत विचारत म्हातारा पाच मिनिटांत आपलं आणि माझं काहीतरी नातं शोधून काढायचा. नातं निघालं नाही असं कधी झालंच नाही.

त्या प्रश्नानं मला लहानपणी फार सुरक्षित वाटायचं. हरवायची भीतीच नव्हती. फैजपूरला जा, यावलला जा, रावेरला जा, तिथंही कुणीतरी हेच विचारणार आणि नाव सांगितलं की पाण्याचा तांब्या पुढं येणार. एका शब्दानं एवढी घरं उघडतात, हे कळल्यावर पोराला आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लागतं. मलाही वाटायचं.

हा प्रश्न ज्याला कोणी कधी विचारतच नाही, त्याचं काय होत असेल, हे मला पुष्कळ उशिरा सुचलं. ते कसं सुचलं, तेच या लेखात सांगायचं आहे.

आधी आमच्याविषयी. आम्ही लेवा पाटीदार. तापी आणि सातपुडा यांच्यामधल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात आमची वस्ती दाट. पाटील, चौधरी, महाजन, नेमाडे, भंगाळे, कोल्हे, बोंडे, फिरके, झोपे, वारके अशी आडनावं. आडनाव ऐकलं की अर्धी ओळख तिथंच पटते. लग्न म्हटलं की वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. हिवाळ्यात मळ्यात भरिताची पार्टी, सोबत कळण्याची पुरी. कोणाच्या घरी मयत झालं तर न सांगता गल्लीतून पिठलं-भाकरी येणार. कोणाची पोरगी उजवायची आणि हात तंग असला, तर बोभाटा न करता चार घरं उभी राहणार. पुढं मी शिकायला पुण्याला गेलो, तेव्हा पहिले आठ दिवस गावाकडच्याच एका दूरच्या नातलगाच्या खोलीत काढले. त्यांनी मला आधी कधी पाहिलेलंही नव्हतं. कोणाचा, तेवढं कळलं आणि सतरंजी टाकून दिली. म्हणून जात, समाज, भाऊबंद यांना उठल्यासुटल्या शिव्या देणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहता येत नाही. त्या सतरंजीवर मी झोपलो आहे.

पण आम्ही इथले म्हणजे कधीपासूनचे? आमच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, की आपण गुजरातेतून आलो. कोणी पावागडचं नाव घेतं. ‘पाटीदार’ हा शब्द तर उघडच तिकडचा. आमच्या भागात स्वामीनारायणाची मंदिरं आहेत, तीही त्याच वाटेची खूण. फैजपूरला सतपंथाचं मंदिर आहे. त्या पंथाचं मूळ ठिकाण अहमदाबादजवळचं पिराणा, आणि परंपरा इमामशाह बावांची. आज बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्ग आमच्या गावावरून जातो. सुरत आणि बऱ्हाणपूर यांच्यामधली खानदेशातली ये-जा मात्र डांबरी रस्त्याच्या कितीतरी आधीची. या वाटेनं व्यापारी आले, फौजा आल्या, फकीर आले, कुणबी आले. ‘खानदेश’ या नावातच खान आहे. फारुकी सुलतानांची राजधानी बऱ्हाणपूर. 1601 मध्ये अकबरानं असीरगड घेतला आणि ते राज्य संपलं. पुढं 1763 मध्ये निजामाकडून सावदा पेशव्यांकडे आलं आणि पेशव्यांनी ते सरदार रास्त्यांना दिलं. 1818 मध्ये इंग्रज आला. म्हणजे सावद्याच्या मातीनं इतके मालक पाहिले, की ‘मूळचा’ कोण हे तिलाही सांगता यायचं नाही.

ज्या केळीच्या जिवावर आम्ही मिशीला पीळ देतो, तीसुद्धा बाहेरचीच. नानांच्या काळात बसराई होती. ते नाव वसईवरून आलं असं जुने लोक सांगत. आता ऊतिसंवर्धनाची ग्रँड नैन आहे. तिचं तर नावच फ्रेंच. आमच्याकडे तिला जी-नाईन म्हणतात. 2016 मध्ये ‘जळगाव केळी’ला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्हाला कोण आनंद झाला! पाहुणी म्हणून आलेलं पीक बघता बघता गावाचं नाव होऊन बसलं. पिकाच्या बाबतीत आमचं मन एवढं मोठं. माणसाच्या बाबतीत मात्र ते लहान होतं.

उत्तरेला पाहिलं की सातपुडा दिसतो. त्याच्या पायथ्याशी तडवी. ते भिल्ल, पण धर्मानं मुसलमान. रीतीभाती दोन्हीकडच्या. माझ्या लहानपणी हिंदू त्यांना मुसलमानात मोजायचे आणि शहरातले मुसलमान त्यांना जंगलातले समजायचे. त्यांना काय वाटतं ते विचारायची कोणाला गरजच वाटत नसे. आणखी आत, डोंगराच्या पलीकडून यायचे ते पावरा. भिल्ल हा शब्द तर आमच्याकडे शिवीसारखा वापरत. पोरगं अंघोळ न करता शाळेत निघालं, की माय ओरडायची, ‘काय भिलासारखा चालला रे!’ त्यात तिला काही वाईट वाटायचं नाही. मलाही नाही.

हा शब्द असा का झाला, ते पुढं वाचून कळलं. 1818 नंतर इंग्रजांना खानदेशात सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते भिल्लांशी. 1825 मध्ये त्यांनी भिल्ल एजन्सी काढली, जेम्स आऊट्रम या अधिकाऱ्यानं भिल्लांचीच पलटण उभी केली आणि भिल्लांकडूनच भिल्लांचा बंदोबस्त करवला. पुढं 1857 मध्ये खाज्या नाईकासारखा भिल्ल नायक सातपुड्यात इंग्रजांविरुद्ध उठला. सरकारी कागदात मात्र शब्द एकच, लुटारू. 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि देशातल्या कितीतरी जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरल्या. तो कायदा स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये गेला. म्हणजे कागदावरून गेला. आमच्या ओट्यावरून गेला नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. कारण 1974 साली मी तेरा वर्षांचा होतो आणि त्या ओट्यावर बसलो होतो.

72 च्या दुष्काळानंतरची गोष्ट. केळीच्या पट्ट्यात विहिरींना थोडंफार पाणी होतं, म्हणून कामाच्या शोधात माणसं लांबून यायची. 73 च्या आखाजीला नानांनी मळ्यात एक नवा सालदार ठेवला. आमच्याकडे सालदाराचं साल आखाजी ते आखाजी असतं. वर्षाचे अमुक रुपये, अमुक ज्वारी, तोंडी बोली. हा माणूस डोंगरापलीकडचा पावरा. बायको आणि माझ्याच वयाचा एक पोरगा. विहिरीजवळ केळीच्या पानांनी शाकारलेलं झोपडं. सुट्टीच्या दिवशी मी मळ्यात गेलो, की त्या पोराबरोबर दिवस जायचा. त्याला गलोल फार छान यायची. मधाचं पोळं कुठल्या झाडावर आहे, ते तो माश्यांच्या जाण्यायेण्यावरून सांगायचा. मी त्याला भिंगरी फिरवायला शिकवली. त्याची बोली मला अर्धी कळायची, माझी त्याला अर्धी. तेवढ्यावर भागायचं.

त्या हिवाळ्यात एका रात्री विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेली. तांब्याची केबल म्हणजे त्या काळी मोठं नुकसान. बारी चुकली, बागेला पाणी नाही, केळी निसवायला आलेली. सकाळी ओट्यावर चार माणसं जमली. कोणी काही पाहिलं होतं का, असा विषय निघाला. मी म्हणालो, ‘काल त्या पावऱ्याचा पोरगा मोटारीजवळ होता.’

खरंच होता. तो रोज असायचा. प्यायचं पाणी तिथूनच भरायचे ते. मीही त्याच्याबरोबर होतो. पण हे पुढचं मी बोललो नाही, आणि पहिलं वाक्य बोलून झाल्यावर कोणाला पुढचं ऐकायचंही नव्हतं. एक काका म्हणाले, ‘मी तं आधीच म्हनत होतो. जातच तशी हाये त्यायची.’ बस्स. झोपडं धुंडाळलं. काही सापडलं नाही. सापडलं नाही यावरून तो किती पक्का चोर आहे, हे सिद्ध झालं. आखाजीला अजून तीन महिने होते. नानांनी त्याला साल अर्ध्यावर मोडून जायला सांगितलं आणि राहिलेल्या पैशातून केबलची किंमत कापून घेतली. माय दारातून एवढंच म्हणाली, ‘लेकराबायांचं धान्य तं देऊन टाका.’ धान्य दिलं की नाही, ते मला माहीत नाही. दुपारी ती तिघं डोक्यावर बोचकी घेऊन डोंगराच्या दिशेनं निघाली. पोरगा मागं वळून बघत होता. मी ओट्यावरून उठून घरात गेलो.

दोन वर्षांनी आमच्या भाऊबंदात वाटणीचं भांडण पेटलं. भांडणात जुनी मढी उकरली जातात, तशी ही केबलही निघाली. चुलत घराण्यातल्या एका मोठ्या मुलानं ती कापून भुसावळला भंगारात विकली होती. सिनेमाचा आणि पत्त्यांचा नाद. सगळ्यांना कळलं. पुन्हा तोच ओटा, तीच माणसं. आणि तेच काका म्हणाले, ‘पोरगं हाये, चुकलं. आता काय त्याले फाशी देता का?’

त्या दिवशी मी पंधरा वर्षांचा होतो. त्या दोन वाक्यांमधलं अंतर मला तेव्हाच टोचलं. आपल्या माणसानं चोरी केली, तर ते पोरगं असतं, वय असतं, संगत असते, नाद असतो. कारणांना तोटा नसतो. बाहेरच्यानं चोरी केली नाही, तरी त्याची जात असते. आमच्या पोराच्या चोरीवरून सगळे पाटीदार चोर, असं ओट्यावर कोणाच्या मनातही आलं नाही, आणि येऊही नये. पण पावऱ्याला शोधून आणावं, त्याचे पैसे द्यावेत, हेही कोणाच्या मनात आलं नाही. माझ्या मनात आलं. मी बोललो नाही. नानांपुढं बोलायची छाती नव्हती, हे एक. दुसरं म्हणजे, पहिलं वाक्य कोणाचं होतं, ते कोणी विचारलं असतं.

पुढं 1978 मध्ये मी पुण्याला शिकायला गेलो. पहिल्याच आठवड्यात वर्गात माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं आणि मी शेजारच्याला म्हणालो, ‘माह्या डोयात काहीतरी गेलं.’ झालं! पुढची दोन वर्षं माझं नाव ‘डोया’. आमच्या बोलीत ळ चा य होतो आणि ण चा न. डोया, काया, शाया, पानी. घरी हे इतकं सहज होतं, की ही काही वेगळी भाषा आहे हेच ठाऊक नव्हतं. मी तोंड उघडलं की मागच्या बाकावरून कोणीतरी नक्कल करायचं. मी बोलणंच कमी केलं. रात्री खोलीत आरशापुढं उभा राहून ‘केळी, पोळी, गोळी’ म्हणायचो.

गंमत बघा, त्याच वर्गात बहिणाबाई चौधरी शिकवल्या गेल्या. जळगावजवळच्या आसोद्याच्या, आमच्याच समाजातल्या, अक्षरओळख नसलेल्या बाई. 1951 मध्ये त्या गेल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी त्यांच्या ओव्या-गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये पुस्तक आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पुस्तकातला ‘य’ ऐकून वर्ग भारावून जायचा. माझ्या तोंडातला ‘य’ ऐकून हसायचा. पुस्तकातली खेडूत बाई कोणाला नको होते? बाकावर शेजारी बसलेला खेडूत मात्र जड जायचा.

एका रात्री आरशापुढं उभा असताना मला त्या पावऱ्याच्या पोराचा चेहरा आठवला. मी त्याच्या बोलीची नक्कल करायचो. ओट्यावर करून दाखवायचो आणि मोठी माणसं खो खो हसायची. म्हणजे सावद्यात मी आतला होतो आणि तो बाहेरचा. पुण्यात मी बाहेरचा. आणि पुण्यातल्या ज्या मुलानं मला ‘डोया’ नाव ठेवलं, तो पुढं नोकरीला दिल्लीत गेला, तेव्हा तिथं त्याच्या हिंदीला हसत असतील. आमची केळी सावदा स्टेशनवरून वॅगनमध्ये भरून दिल्लीला जायची. माल एकच. पण स्टेशनागणिक त्याचं नाव बदलत जायचं. इथं तो अमक्याच्या मळ्यातला, पुढं सावद्याचा, दिल्लीत नुसता ‘भुसावळचा’. माणसाचंही तसंच आहे. जितकं लांबून बघावं, तितकी त्याची नावं गळत जातात आणि शेवटी एक शिक्का उरतो.

नोकरीच्या काळात वाचायची सवय लागली, तेव्हा हेन्री ताजफेल या माणसाविषयी वाचलं. पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रेंच सैन्यात होता, जर्मनांच्या हाती सापडला. पोलंडचा ज्यू म्हणून ओळखला गेला असता, तर जगला नसता. फ्रेंच कैदी म्हणून राहिला, म्हणून वाचला. परत आला तेव्हा घरचे बहुतेक मारले गेले होते. माणूस तोच, पण ‘कोणाचा’ याच्या उत्तरावर जीव टांगलेला. पुढं तो मानसशास्त्रज्ञ झाला आणि 1970 च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला त्यानं शाळकरी मुलांवर एक साधा प्रयोग केला. मुलांना पडद्यावरचे ठिपके मोजायला लावले. मग सांगितलं, तुम्ही जास्त अंदाज करणारे, तुम्ही कमी अंदाज करणारे. खरं तर गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले होते. ना जुनं वैर, ना जमिनीचा वाद. आपल्या गटात कोण आहे, हेही मुलांना माहीत नव्हतं. नंतर इतरांना थोडे पैसे वाटायला सांगितले, तर मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. एवढंच नाही, दोन्ही गटांना भरपूर मिळेल असा पर्याय असताना, आपल्याला थोडं कमी मिळालं तरी चालेल पण समोरच्याला आपल्यापेक्षा कमी मिळावं, याकडे त्यांचा कल दिसला.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि हसू आलं. बांधावरून कोर्टात गेलेल्या आमच्या भाऊबंदांना हे शिकायला ब्रिस्टलला जावं लागलं नसतं. पण त्या प्रयोगानं एक गोष्ट स्पष्ट केली. नुसत्या ठिपक्यांच्या अंदाजावरून जर माणसं आपला-परका करतात, तर जिथं शेकडो वर्षांची आडनावं, वाडे, विहिरी, लग्नं आणि जमिनी आहेत, तिथं काय होईल?

त्याचं उत्तर बाबासाहेब आंबेडकरांनी फार आधी देऊन ठेवलं होतं. 1916 मध्ये, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना, त्यांनी जातींवर निबंध वाचला. जात म्हणजे स्वतःला कोंडून घेतलेला वर्ग, अशी त्यांची मांडणी. एका गटानं रोटीबेटीचं दार लावून घेतलं, की बाकीचे आपोआप बाहेर पडतात. मग तेही त्याच्याकडे बघून आपापली दारं लावतात. आमच्या सावद्याची रचना मला त्या निबंधानंतर समजली. प्रत्येक गल्लीला दार होतं आणि प्रत्येक दाराबाहेर आणखी कोणीतरी उभा होता. गावकुसाबाहेरच्या वस्तीला तर विहिरीचंही दार बंद. ताजफेलच्या मुलांचे दोन गट निदान एका पातळीवर होते. आमच्याकडे उतरंड. वरच्याचा लाथेचा राग माणूस खालच्यावर काढतो. मी पुण्यात खाल्लेली थट्टा आधीच सावद्यात वाटून आलो होतो.

मग दार कधी उघडलंच नाही का? उघडलं. आमच्या गावाच्याच इतिहासात दोन प्रसंग आहेत. पहिला 1852 चा. इंग्रजांनी महसुलासाठी जमिनीची मोजणी सुरू केली. सारा वाढणार या भीतीनं लोक बिथरले आणि सावद्याला दहा ते पंधरा हजार माणूस जमला. सरकारी गॅझेटियरमध्ये याची नोंद आहे. फौजेची तुकडी आली, पुढारी पकडले, तेव्हा लोक पांगले. त्या काळी, रेल्वे नसताना, दहा-पंधरा हजार माणूस एका गल्लीतला असणं शक्य नाही. म्हणजे साखळी घेऊन बांध मोजणारा साहेब समोर उभा राहिला आणि ‘आपण’ या शब्दाचा घेर एकदम मोठा झाला. पण तो साहेबानं मोठा केला. साहेबाची साखळी पुढं गेली, मोजणी झाली, सातबारा आला, आणि ज्यानं त्यानं आपापला बांध धरला.

दुसरा 1936 चा. गांधीजींच्या आग्रहानं काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा खेड्यात भरलं, ते आमच्या शेजारी फैजपूरला, डिसेंबरात. अध्यक्ष पंडित नेहरू. नंदलाल बोस शांतिनिकेतनहून येऊन बांबू-चटयांनी नगर सजवून गेले. इकडचे धनाजी नाना चौधरी राबले, अमळनेरहून साने गुरुजी राबले. नाना त्या वेळी विशीत होते. शेवटपर्यंत सांगायचे, ‘नेहरूंचा रथ बैलांनी ओढला, मी पाह्यला.’ शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रमही त्या अधिवेशनात ठरला. साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे. आमच्या ना नात्याचे, ना जातीचे. खानदेशानं त्यांना इतकं आपलं केलं, की ते बाहेरचे होते हे आज सांगावं लागतं. याच गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना उघडावं म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केलं आणि मंदिर उघडलं.

त्याच 1936 साली, फैजपूरच्या सहा-सात महिने आधी, लाहोरच्या एका मंडळानं आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलावलं आणि त्यांचं भाषण झेपेना म्हणून परिषदच रद्द केली. त्यांनी ते भाषण स्वखर्चानं छापलं. जातीचं निर्मूलन हा त्याचा विषय. नानांनी नेहरूंचा रथ पाहिला. ते पुस्तक आमच्या घरात मात्र आलं नाही. देश आपला, हे नानांना फैजपुरात कळलं. पण देशात कोण कोण येतं, ते कोणी समजावलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. म्हणून खादी घालणारे माझे नाना 1974 साली एका माणसाचं साल मोडू शकले. ते दुष्ट नव्हते. दुष्काळात त्यांनी आमच्या गल्लीतल्या तीन घरांना आपल्या कोठारातून ज्वारी पुरवली होती. त्यांच्या दयेला तोटा नव्हता, पण ती गल्लीच्या टोकापर्यंतच पुरायची.

नाना गेल्यावर कागदपत्रं लावताना त्यांच्या हिशोबाच्या वह्या सापडल्या. लाल कापडी बांधणीच्या. मी 1973 ची वही काढली. गल्लीतल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव होतं, बापाच्या नावासकट. दोन रुपये उसने नेणाऱ्याचंही. आणि मळ्याच्या पानावर लिहिलं होतं, ‘पावरा, साल 1.’ खाली उचल दिल्याच्या तारखा. शेवटी, ‘केबल वजा.’ नाव नव्हतं. नऊ महिने जो आमच्या विहिरीवर राहिला, ज्यानं आमची बाग राखली, त्याला एवढ्या दिवसांत कोणी ‘कोनाचा रे तू’ म्हणून विचारलंच नव्हतं. त्याला शोधायचं म्हटलं तर काय नाव घेऊन शोधणार? पोराचं नाव मला तेव्हा माहीत होतं. मी त्याला हाक मारायचो. आज कितीही आठवलं तरी ते आठवत नाही. गलोल आठवते, पोळं आठवतं, मागं वळून बघणं आठवतं. नाव नाही.

आता नोकरी संपवून मी मळा बघतो. विहीर आटली, बोअर आहे, ठिबक आहे, केळीचा घड प्लॅस्टिकच्या पिशवीत वाढतो. काम करायला अजूनही डोंगरापलीकडूनच माणसं येतात. गावात कुठं मोटार चोरीला गेली, की ओट्यावर अजूनही पहिलं नाव त्यांचंच निघतं. मी तिथं असलो तर विचारतो, पाहिलं का कोणी? लोक गप्प होतात. पटतं म्हणून नाही, मी म्हातारा म्हणून.

यंदा आखाजीला नवं कुटुंब आलं. मी नवी वही काढली. बापाचं पूर्ण नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव, तालुका, सगळं विचारून लिहिलं. तो जरा बिचकला. पोलिसांत द्यायचं आहे की काय, असं त्याला वाटलं असावं. त्याच्या बिचकण्याचा मला राग आला नाही. नाव विचारणाऱ्यानं आजवर त्याचं भलं कधी केलं असेल?

दुसऱ्या दिवशी त्याचा पोरगा बोअरवर पाण्याची कळशी भरत होता. मी सवयीनं विचारलं, ‘कोनाचा रे तू?’ त्यानं बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग कळशी खाली ठेवून मलाच विचारलं, ‘और तुम किसके?’

मी नानांचं नाव सांगितलं. ज्या नावानं सावद्यातली सगळी दारं उघडायची, ते नाव. त्यानं थोडा वेळ विचार केला आणि मान हलवली. त्याला ते ठाऊक नव्हतं. मग कळशी डोक्यावर घेऊन तो झोपडीकडं निघाला.